वरात, फेरी आणि रपेट : आमची वाटचाल

आमच्या घरी घोडा आहे तो आजोबांपासून, आणि त्याचं काम एकच, वरात. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात आमचं गाव. तुळशीचं लग्न लागलं की बाबांच्या वहीत तारखा भरायला लागायच्या. मग पहिला पाऊस पडेपर्यंत घोडी, बँड आणि डोक्यावर लाइटची झुंबरं घेतलेली पोरं यांच्यावर घर चालायचं. उरलेले महिने घोडी बसून खायची आणि आई वावरात जायची. गावात आमच्या घराला आजही ‘घोडीवाल्यांचं घर’च म्हणतात.

मी बारावीनंतर मुंबईला गेलो. ओळखीच्या एका माणसानं महालक्ष्मीजवळच्या तबेल्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, म्हणून लावून दिलं. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासूनचं. तिथं शर्यतीचे घोडे वेगळे आणि पहाटे हौसेनं रपेट करायला येणारी माणसं वेगळी. त्यांत वाणिज्य दूतावासांतले, बँकांतले, कंपन्यांनी दोन-तीन वर्षांसाठी पाठवलेले परदेशी लोक बरेच असायचे. आपल्या देशात लहानपणापासून घोड्यावर बसलेली ही माणसं. मुंबईत आल्यावर त्यांची पहिली चौकशी घराची, दुसरी शाळेची आणि तिसरी ‘इथं घोडा कुठं मिळेल’ याची.

मुंबईकडे याला उत्तरं आहेत, पण प्रत्येकाला काही ना काही अडतं. क्लबात शिकवण चांगली, मैदान चांगलं, घोडेही उत्तम. मात्र तिथं कायमचं राहणाऱ्या माणसाचंच जमतं; सहा महिन्यांसाठी आलेल्याचं कठीण. चौपाटीवरची फेरी म्हणजे पोरांची हौस. अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावर घोडा मिळतो, आणि ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवरून दौडण्याची मजा दुसरीकडे कुठंच नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण गिऱ्हाईक जमलं की घोडेवाला कोरड्या भुसभुशीत वाळूतून घोडा काढतो, आणि तिथं घोड्याच्या पायाच्या शिरा ताणल्या जातात. माथेरानला गाड्यांना बंदी, त्यामुळे घोडा तिथं शोभेचा नाही, कामाचा. लाल मातीची सावलीतली वाट, आठशे मीटरची उंची, हवा थंड. तिथले घोडे मला आवडतात. अडचण एकच, घोडेवाला लगाम हातातून सोडत नाही. त्याचंही बरोबर आहे, घोड्यावर कोण बसलंय ते त्याला ठाऊक नसतं.

म्हणजे एकीकडे सदस्यत्व, दुसरीकडे फेरी. मधल्या माणसाला, ज्याला थोडंफार येतं आणि दोन तास मोकळ्या रानातून स्वतःच्या हातानं घोडा न्यायचाय, त्याला जागा नाही. तबेल्यात लीद उचलता उचलता हेच डोक्यात बसलं. आमच्याकडे तर रानच रान आहे.

बाबांच्या गुडघ्यांनी जवाब दिल्यावर, २०१६ साली मी परत आलो. घरात तेव्हा वरातीच्या दोन घोड्या होत्या. पहिलं काम केलं ते काटेरी लगाम काढून टाकण्याचं. वरातीच्या घोडीच्या तोंडात बहुतेक ठिकाणी आतून काटे असलेली कडी असते. नवरदेवाला बसता येत नाही, समोर फटाके, कानाशी ढोल, आणि तरी घोडी जागची हलायला नको, म्हणून ही सोय. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत असल्या काटेरी कडीला साफ मनाई आहे. जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जनावराकडून काम घेऊ नये, असंही त्यांतच आहे. हे बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “नियम करणारा कधी डीजेच्या मांगं चालला काय?” प्रश्न रास्त होता. साध्या कडीवर ती घोडी डीजेपुढे उभी राहणार नव्हतीच. म्हणून डीजेची वरात घेणंच बंद केलं. बँड असेल तर येऊ, डीजे असेल तर राम राम. अर्ध्या तारखा गेल्या आणि घरात दोन महिने कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

नव्या घोडीसाठी सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा तो बाजार ज्यानं पाहिला नाही, त्यानं घोडा पाहिला असं मी म्हणत नाही. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकली की बोली वाढते. तिथं लोक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, शुभ की अशुभ ते, मग दात, आणि पाय सगळ्यांत शेवटी. मी उलटं केलं. खूर पाहिले, चालवून पाहिलं, दगडावर पाय कसा टाकते ते पाहिलं. दात सांगत होते की पाचाची भरलीय, म्हणजे तोंड पुरं. एका कुमेत, म्हणजे तांबूस अंगाच्या नि काळ्या आयाळीच्या, घोडीचा भोवरा ‘धन्याला खाणारा’ निघाला आणि तिची किंमत दणकन उतरली. तीच घेतली. ती अजून आहे, धनीही आहे.

पाहुणे सुरुवातीला सेवाग्रामकडून आले. गांधीजी १९३६ ला सेवाग्रामात येऊन राहिले तेव्हापासून त्या गावाला बाहेरच्या माणसांची सवय आहे. आश्रम पाहायला, पवनारला विनोबांच्या ब्रह्मविद्या मंदिरात चार दिवस राहायला, वैद्यकीय महाविद्यालयात काम करायला दुनियेतून माणसं येतात. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात परदेशी मुलं हिंदी शिकतात. त्यांतली एक मुलगी पहिल्यांदा आली ते पुस्तकातली हिंदी घेऊन. घोडी दुडकी चालायला लागली तशी ती ओरडली, “कृपया इसे रोकिए!” आमचे मोतद्दार काका शांतपणे म्हणाले, “थांबते ना माय, तू आंग ढिल्लं सोड.” तिनं खरंच अंग सोडलं. शब्द कळले नसतील, सूर कळला. नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि मिहानच्या कंपन्यांतले इंजिनीअर नंतर आले, आणि मुंबईत राहणारे परदेशी जवळच्या बोरच्या जंगलातला वाघ पाहायला येताना आमच्याकडे एक सकाळ ठेवू लागले.

त्यांच्यासाठी आम्ही वेगळं काही करत नाही. अनुभवी असो की नवखा, आधी जमिनीवरचा धडा. खरारा करा, खूर उचलून त्यातली माती खुरपणीनं काढा, मग खोगीर. तंग आवळताना घोडी हवा भरून पोट फुगवते. सगळ्याच वस्ताद घोड्या फुगवतात. नवखा माणूस तंग घट्ट झाला असं समजून रिकिबीत पाय टाकतो आणि खोगिरासकट घोडीच्या पोटाखाली जातो. म्हणून आम्ही आवळतो, दहा पावलं चालवतो, तिला श्वास सोडू देतो आणि दोन भोकं आणखी आवळतो. मग मांड. टाच खाली, नजर पुढं, लगाम हलका. मांड पक्की होईपर्यंत कुंपणाच्या आत. ज्याला फक्त फोटो काढायचाय तो इथंच कंटाळून परत जातो, आणि ते आमच्या पथ्यावर पडतं. शिरपेच हेल्मेटवर लावून मागणारे प्री-वेडिंगवालेही येऊन गेले. त्यांना चहा पाजला.

रपेट पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या गाडीवाटेनं. आमच्याकडचं रान काळ्या मातीचं. पावसाळ्यात ही माती खुराला अशी धरते की नाल उपसून निघते, आणि एप्रिलनंतर वावराला भेगा पडतात, त्यात घोड्याचा पाय गेला तर हाडच मोडायचं. त्यामुळे उभ्या वावरातून दौड हा सिनेमातला प्रकार. बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, चेपून बसवलेली पांदण आणि मुरमाची वाट, एवढाच आमचा मुलूख. खरा हंगाम दिवाळी ते होळी. पऱ्हाटी फुटलेली, तूर उभी, धुऱ्याधुऱ्यानं बोरी. सकाळी सहाला निघालं की नऊच्या आत परत. मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा आठ वाजता घोडे सावलीत असतात आणि मीही. बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलाच्या हद्दीत आम्ही घोडा नेत नाही आणि सूर्य बुडाल्यावर पांदणीतही नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं की वाघ हे आमचं आकर्षण असावं. घोडीला तसं वाटत नाही.

खर्च सांगतो, कारण हे कुणी लिहीत नाही. घोडा काम करो न करो, रोज खातो. ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचं नि तुरीचं कुटार, लसूणघास, आणि चंदीला भिजवलेला हरभरा व गव्हाचा कोंडा. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, सोबत मीठ. पूर्वी कडबा घरचाच असायचा. सगळीकडे सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आता चांगला कडबा शोधत हिंडावं लागतं. वरच्या बाजूनं बुरशी आलेला कडबा बैल रवंथ करून निभावून नेईल. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही, पोटात गेलं ते गेलं. पोटशूळ उठला की हळूहळू चालवायचं, लोळू द्यायचं नाही आणि डॉक्टरची वाट बघायची. तालुक्याला ढोरांचे डॉक्टर आहेत, ते येतात आणि मनापासून करतात, पण घोडा त्यांच्या हाताखालून कमीच जातो. नालबंद नागपूरहून येतो, दर सहा-सात आठवड्यांनी. त्याच्या येण्या-जाण्याचे पैसे नालेपेक्षा जास्त. पावसाळ्यात गोमाशा वाढल्या की सर्राची, म्हणजे त्या माशांमुळे पसरणाऱ्या रक्तातल्या आजाराची, धास्ती, म्हणून ताप दिसला की रक्त तपासायला द्यायचं. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचं नाव आम्ही तबेल्यात सहसा घेत नाही, कारण तो माणसालाही होतो आणि त्यात जनावर मारावंच लागतं. बाहेरून आणलेला घोडा म्हणूनच आधी वेगळा बांधायचा, तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय दावणीला घ्यायचा नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे-तट्टू जेमतेम ३.४ लाख निघाले. २०१२ मध्ये ते सव्वासहा लाखांच्या घरात होते. नालबंद मिळत नाही, खोगीर शिवणारा मिळत नाही, यामागे हेच आहे.

२०२० च्या मार्चअखेर सगळं बंद झालं, ऐन लग्नसराईत. वराती नाहीत, पाहुणे नाहीत आणि दावणीला चार तोंडं. तेव्हा गावानं जगवलं. कुणी कुटाराची बंडी रिकामी केली, कुणी हरभरा दिला, पैसे नंतर द्या म्हणाले. बंदी उठल्यावर आधी आले ते आसपासचे डॉक्टर आणि मास्तर लोक, आपापल्या पोरांना घेऊन. घरात कोंडून पोरं कावली होती. रविवारची शिकवणी तिथून सुरू झाली आणि आज आमचा महिना तीच भरते. परदेशी पाहुणा हंगामी असतो. गावातली दहा वर्षांची पोट्टी मात्र दर रविवारी हजर. शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल हाकणाऱ्या घरातल्या दोन पोरी आहेत, त्यांना लगाम धरायला शिकवावंच लागलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून त्यांच्या घरी बैलांचं कौतुक वाढलंय, पोरींचा कल मात्र घोड्याकडे.

कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो. म्हशीला मिळेल, शेळीला मिळेल, घोड्याचा रकाना नाही म्हणाले. ‘म्हैस लिहा आणि घोडा घ्या’ असा सल्लाही तिथंच मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट घातले, पन्नास लाखांपर्यंत पन्नास टक्के भांडवली अनुदान. पण ती योजना पैदाशीकडे झुकलेली, आमचं काम रपेटीचं. कुमेतीपासून पैदास करायची म्हटली तर अकरा महिने पोटात, आणि शिंगरू स्वार घेण्याजोगं व्हायला पुढची तीन-चार वर्षं. तोवर ती घोडी बराच काळ कामातून बाद. विचार चालू आहे, कागद केलेले नाहीत.

नाही म्हणणं हा या धंद्याचा मोठा भाग आहे. खोगीर धरून स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशावर जाऊ नये, हा आमचा हिशेब. आमचा सगळ्यांत दांडगा घोडा साडेचारशे किलोंच्या आसपास, म्हणजे नव्वद, त्यातून खोगीर वजा. ऐंशी किलोंच्या वरच्या माणसाला आम्ही घोड्यावर घेत नाही, मग तो कुणाचाही पाहुणा असो. एका पुढाऱ्यांच्या माणसांनी यावरून बरंच ऐकवलं. त्यांच्यासाठी बंडी जुंपली, गवळाऊ बैलांची. ती जातच मराठ्यांच्या फौजेमागं वेगानं धावायला तयार झालेली. साहेब खूश होऊन गेले.

या हिवाळ्यापासून दोन दिवसांची रपेट सुरू करतोय, पांदणीपांदणीनं सेवाग्राम-पवनारच्या बाजूला. मुक्काम शेतकऱ्यांच्या घरी, जेवण तिथलंच, भाकर-वांग्याची भाजी आणि हंगाम असला तर हुरडा. संडास स्वच्छ आहेत, पाहून आलोय. एका वेळी तीनच स्वार, कारण चौथा घोडा मोतद्दार काकांना लागतो. ज्यांना दुडकीवर मांड टिकवता येते त्यांनीच नाव द्यावं. बाकीच्यांनी आधी दोन-तीन सकाळी कुंपणात काढाव्यात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाच असलेला बूट आणि टोचणार नाही अशी पँट घेऊन या. हेल्मेट आमचं. पहाटे धुऱ्यावर गारठा असतो, स्वेटर विसरू नका.