आमची वाटचाल: बुशापासून पुतळ्यापर्यंत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं ओतकामाचं शेड. आप्पा गनमेटलचे बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्याभोवती बसणाऱ्या गुळगुळीत नळ्या, आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या ओतायचे. 85 भाग तांबं. कथील, जस्त, शिसं पाच-पाच भाग. पुतळ्यांनाही आम्ही हाच धातू घेतो, म्हणून सुरुवातीला वाटलं, काम तेच, साचा तेवढा वेगळा.

पहिला अर्धपुतळा एका शिल्पकारांनी विश्वासानं दिला. एक म्हातारा शेतकरी. ओतकाम झकास उतरलं. मग पोरांनी सवयीनं ग्राइंडर मारला आणि गाल असा केला की माशी बसली तर घसरावी. शिल्पकार आले, पुतळ्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "मालक, माझा अंगठा कुठं गेला?"

शाडूवर अंगठा दाबून त्यांनी गालाचं हाड बसवलं होतं. त्या दाबाच्या कडेला उजेड अडायचा, म्हणून म्हातारा जिवंत दिसायचा. आम्ही त्याचा बुश करून टाकला होता. पुन्हा ओतून दिला, आमच्या खर्चानं. आप्पा त्या रात्री नीट जेवले नाहीत. तांब्याचा भाव आठवला असणार.

तेव्हापासून मेणावरच शिल्पकाराला बोलावतो. मातीकामावरून घेतलेल्या रबराच्या साच्यातून चार-पाच मिलिमीटर जाडीचं मेण निघतं. त्यावर जी रेघ बुजली ती धातूत बुजलीच. मेणाभोवती उष्णता सोसणारा साचा बांधायचा, मेण जाळून काढायचं आणि त्या पोकळीत साधारण 1,150 अंश सेल्सिअसचा धातूचा रस सोडायचा. मोठा पुतळा तुकड्यांनी ओतावा लागतो. वेल्डिंगची शिवण मग छिन्नीनं अशी मोडायची, की ती शिल्पकाराच्याच हातची वाटावी. आमच्याकडचे छिन्नीवाले मामा त्याआधी तासभर मातीकामाचे फोटो बघत बसतात. त्या तासाचं बिल लावता येत नाही.

अर्थात सगळ्यांनाच खडबडीत नको असतं. काहींना आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग हवा असतो, आणि तिथं उद्यमनगरचा हात कामाला येतो.

कावळा नाक्यावरचा रवींद्र मेस्त्रींचा ताराराणींचा पुतळा लहानपणापासून बघतोय. घोडा मागच्या दोन पायांवर उभा. पूर्वी तलवार बघायचो, आता आधी खूर बघतो. एवढं वजन तिथं कसं तोललं असेल, या विचारात सिग्नल सुटतो आणि मागचा हॉर्न मारतो.

सध्या शेडात एका तरुण शिल्पकाराचा पैलवान आहे, मेणात. कान चुरलेले, भार उजव्या पायावर, पाठीवर दातेरी पट्टीचे ओरखडे तसेच ठेवलेत. आखाड्याची तांबडी माती वाळून चिकटावी तसे. रंग गरम धातूवर फेरिक नायट्रेट हे रसायन मारून तांबूस काढायचा ठरलाय. पुढच्या आठवड्यात ओततो. ग्राइंडर तेवढा कपाटात ठेवलाय, किल्ली माझ्याकडे.