माझा अनुभव: पंचेचाळीस दिवसांचा नियम आणि चलनावरचा शिक्का

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा टर्निंग आणि मिलिंगचा, म्हणजे धातूचे भाग कातून घडवण्याचा, छोटा कारखाना आहे; दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीन आणि सात कामगार. २०२३ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात एका कंपनीला आम्ही पंपांचे शाफ्ट आणि बुश पुरवले. चार बिले मिळून ६,४९,००० रुपये झाले, त्यांत ९९,००० रुपये जीएसटीचे होते. माल गेला, पैसे आले नाहीत. आम्ही मासिक विवरणपत्र भरतो, त्यामुळे त्या त्या बिलावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारजमा करावाच लागला. हातात न आलेल्या पैशांवरचा कर मी कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जातून, काढून भरला आणि त्यावर बँकेला व्याज दिले. लहान कारखानदाराच्या थकबाकीची खरी झळ इथे बसते.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ चा आहे. त्यातल्या कलम १५ प्रमाणे लेखी करारात काहीही मुदत असो, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. त्या काळात बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. कायदा इतका भक्कम असूनही आमच्या वसाहतीत तो वापरलेले फार थोडे जण मला भेटले. तक्रार केली की गिऱ्हाईक जाते, हे साधे कारण सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मीही त्याच भीतीने पाच-सहा महिने केवळ फोन करत राहिलो.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये (एच) हे उपकलम घातले आणि ते २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबांना लागू झाले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे मुदतीत न दिलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत नाहीत, एवढाच त्याचा आशय. पण परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जी वेगळीच एक कंपनी आमचे पैसे नेहमी तीन महिन्यांनी देत असे, तिच्या अकाउंट्समधून आपणहून फोन आला, ‘तुमचे उद्यम प्रमाणपत्र पाठवा, मार्चच्या आत खाते नील करायचे आहे.’ हे प्रमाणपत्र म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा दाखला. दुसऱ्या एका ठिकाणच्या परचेसच्या साहेबांनी मात्र ही नोंदणी रद्द करा, मग ऑर्डर चालू ठेवू, असे सुचवले. मी नकार दिला आणि ती ऑर्डर गेली.

माझे स्पष्ट मत आहे की तक्रारीवर चालणाऱ्या कायद्यापेक्षा खरेदीदाराच्या स्वतःच्या हिशेबात शिरणारा हा नियम लहान उद्योगाच्या अधिक उपयोगाचा आहे, कारण त्यासाठी पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही. त्याच्या दोन उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. एप्रिलचे बिल मार्चमध्ये दिले तरी त्या वर्षीची वजावट मिळते, म्हणून धावपळ वर्षअखेरीसच होते. आणि ज्याला नफाच नाही, त्याला वजावट गेल्याची फिकीर नसते. आमची थकबाकीदार कंपनी त्या वर्षी तोट्यात होती, हे तिच्या ताळेबंदावरून माझ्या सीएंनी दाखवून दिले. तेव्हा तक्रारीवाचून मार्ग उरला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये लहान उद्योगांच्या थकबाकीच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या ‘समाधान’ पोर्टलवर अर्ज केला. उद्यम क्रमांक, पर्चेस ऑर्डर, बिले आणि मालासोबत जाणारी डिलिव्हरी चलने जोडल्यावर प्रकरण सुविधा परिषदेकडे, म्हणजे २००६ च्या कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, गेले. आमची उद्यम नोंदणी २०२१ ची, म्हणजे पुरवठ्याच्या आधीची होती. हे फार महत्त्वाचे आहे, कारण माल दिल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ त्या आधीच्या मालाला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. चूक माझ्याकडून झाली ती पत्त्याची. मी त्यांच्या चाकणच्या प्लांटचा पत्ता दिला. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात होते. पत्ता दुरुस्त करून पुन्हा नोटीस जाण्यात दोन महिने गेले. सुनावणी मात्र पुण्यातच झाली, कारण पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला देशात कुठल्याही खरेदीदाराविरुद्धचे प्रकरण चालवता येते.

परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर प्रकरण लवादाकडे जाते. समेटाच्या बैठकीत त्यांच्या वकिलांनी मालात रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास झालेले भाग, होते असे सांगितले. पण २००६ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे: माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असे मानले जाते. माल पोहोचल्याचा पुरावा कोणता, तर चलनाच्या गुलाबी प्रतीवर त्यांच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकाने मारलेला जांभळा इनवर्ड (माल आत आल्याचा) शिक्का, त्यात पेनाने लिहिलेली तारीख आणि गेट नोंदीचा क्रमांक. तीन चलनांवर तो स्वच्छ होता. चौथ्यावर, १,१८,००० रुपयांच्या मालाच्या चलनावर, नव्हता. ड्रायव्हरने घाईत फक्त सही आणली होती आणि ती कोणाची, हे वाचता येत नव्हते. त्या मालाचे ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची जीएसटी पोर्टलवरची नोंद, होते आणि बिलावरच्या जीएसटीचे क्रेडिट (स्वतःच्या करातून वजावट) त्यांनी घेतले होते, या दोन गोष्टींनी आम्हाला तारले. रिजेक्शनचे एकही पत्र किंवा डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) त्यांना दाखवता आली नाही.

व्याजाची आकारणी सव्वा लाखाच्या वर गेली होती. मी ६०,००० रुपयांवर तडजोड केली, कारण लवादात आणखी वर्ष घालवण्याइतके खेळते भांडवल माझ्याजवळ नव्हते. मुद्दल आणि व्याज दोन हप्त्यांत आले, दुसरा हप्ता फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्या कंपनीची ऑर्डर त्यानंतर आलेली नाही. मशीनचे ते तास आता तळवड्याच्या दोन लहान गिऱ्हाइकांच्या कामाने भरले आहेत. आमच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची मुदत छापलेली असते, आणि शिक्क्याशिवाय परत आलेले चलन ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर न्यावे लागते.