सातवी खेप: दाण्यांची साल अखेर मऊ झाली

डब्यात मिळतात तसे ब्रिटिश बेक्ड बीन्स, म्हणजे टोमॅटोच्या सॉसमधले पांढरे दाणे, घरी जमवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. काल रात्री त्याच्या सातव्या खेपेतला एक दाणा चमच्यावर घेऊन त्यावर हळूच फुंकर घातली, तेव्हा त्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी वळून उचलली गेली, आणि दोन बोटांत दाबल्यावर आतला गर कुठेही कण न लागता लोण्यासारखा पसरला. सहाव्या खेपेची नोंद ज्यांनी वाचली आहे त्यांना या क्षणाचे मोल वेगळे सांगायला नको, कारण त्या वेळी टोमॅटोच्या सॉसमध्ये साडेचार तास ओव्हनला राहूनही दाणे कच्चट राहिले होते आणि भांडेभर ऐवज टाकून द्यावा लागला होता.

त्या अपयशाचा दोष मी दाण्यांच्या वयावर ठेवला होता. मी जिथून हॅरिको (राजम्याच्या जातीचे छोटे पांढरे) दाणे आणते त्या दुकानातल्या पाकिटांवर पिकाचे वर्ष कधीच छापलेले नसते, ही माझी जुनी तक्रार आहे, आणि जुनाट कडधान्य शिजता शिजत नाही हे आपण सगळेच जाणतो. तरीही नवे पाकीट आणण्याआधी त्याच पाकिटातले उरलेले ६०० ग्रॅम दाणे तीन सारख्या भागांत वाटून १२ तास भिजवले. इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये आमच्या नळाला खडूच्या खडकातून आलेले, कॅल्शियमने भरलेले जड पाणी येते आणि केटलच्या बुडाशी महिन्याभरात पांढरा थर साचतो, म्हणून या वेळी पाणीच तपासायचे ठरवले. पहिला भाग साध्या नळाच्या पाण्यात भिजवून त्यातच शिजवला, दुसऱ्यासाठी पाण्याचा जडपणा कमी करणाऱ्या फिल्टर-जगमधले पाणी घेऊन भिजवताना लिटरमागे १५ ग्रॅम मीठ घातले, आणि तिसरा नळाच्याच पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून शिजवला.

पहिल्या पातेल्यातले दाणे अडीच तासांनीही खडूसारखे पिठूळ होते. सोड्याचे पातेले ४० मिनिटांत मऊ झाले, पण साली सुटून पाण्यावर तरंगू लागल्या आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळली. दुसरे पातेले मात्र ७० मिनिटांत तयार झाले, सालीही शाबूत राहिल्या. पाकीट एकच असल्यामुळे दाण्यांचे वय हे मुख्य कारण नव्हते, हे आता मी खात्रीने म्हणू शकते. दाण्याच्या पेशीभिंतींतले पेक्टिन (पेशींना एकत्र धरून ठेवणारा चिकट घटक) पाण्यातल्या कॅल्शियममुळे घट्ट बांधले जाते, मिठातले सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेऊन ती बांधणी सैल करते, आणि टोमॅटो व व्हिनेगरचे आम्ल पेक्टिनला विरघळू देत नाही. म्हणजे सहाव्या खेपेत जड पाण्याने अर्धवट शिजलेले दाणे मी आम्लात ढकलून त्यांचा मऊ होण्याचा उरलासुरला मार्गही बंद केला होता. (स्लो कुकर वापरणाऱ्यांनी दाणे आधी किमान १० मिनिटे खळखळून उकळून घ्यावेत, कच्च्या दाण्यांतले लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही.)

सॉस पाचव्या खेपेचाच आहे: ३०० ग्रॅम पासाटा (टोमॅटोचा गाळलेला गर), १५० मिलिलिटर पाणी, एक मोठा चमचा साखर, दोन छोटे चमचे स्पिरिट व्हिनेगर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, कांद्याची पूड, पाप्रिका आणि सुईच्या टोकाएवढी लवंगेची पूड. हाइन्झ कंपनीच्या बेक्ड बीन्सच्या डब्यात पूर्वी डुकराच्या मांसाचा तुकडा असे आणि तो दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत गेला, त्यामुळे बिनमांसाचा सॉस हाच आज ब्रिटनमधला अस्सल सॉस आहे, असे माझे ठाम मत आहे.

इथवर लिहिले आणि एक गोष्ट खटकली. नाव बेक्ड असले तरी कारखान्यात हे दाणे भट्टीत जात नाहीत. दाणे आणि आंबट सॉस डब्यात बंद करून दाबाखालच्या वाफेवर, १०० अंशांच्या बऱ्याच वर, शिजवतात. मग मी ओव्हनचा हट्ट का धरला आहे? सांगलीहून आणलेला प्रेशर कुकर ओट्यावरच होता. दुसऱ्या पातेल्यातले निम्मे दाणे सॉससह झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरले, कुकरात तळाला पाणी घालून डबा वर ठेवला, वाफ धरल्यावर १५ मिनिटे मंद आच दिली आणि दाब आपोआप उतरू दिला, कारण शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली तर दाणे फुटतात.

झाकण उघडले तेव्हा सॉसचा लाल रंग नारिंगीकडे झुकलेला होता आणि तो प्रत्येक दाण्याला पातळ, चकचकीत लेपासारखा धरून होता, जे ओव्हनमध्ये सहा वेळा साधले नव्हते. टोस्टवर घातल्यावर कडेने पाणी सुटले नाही. वरच्या थरातले पाच-सहा दाणे तेवढे उकलले होते.

म्हणून आठव्या खेपेचा मातीच्या भांड्याचा बेत रद्द केला आहे. आता दाणे पातेल्यात ७० ऐवजी ४५ मिनिटेच शिजवून उरलेली कसर कुकरातल्या डब्यात भरून काढायची आणि साखर पाव चमच्याने कमी करायची. वॉरिक विद्यापीठाने ब्रिटनच्या हवेत पिकणारे कॅप्युलेट नावाचे याच दाण्यांचे वाण तयार केले आहे. त्याचे कोरडे दाणे किलोभर कुठे मिळत असतील तर कृपया कळवावे, कारण पिकाचे वर्ष माहीत असलेल्या दाण्यांवर हीच तीन पातेल्यांची चाचणी मला पुन्हा करून पाहायची आहे.