कोरी पट्टी

स्मरणिका समितीने आठवणी मागितल्या आहेत. आठवणी बाकीचे लिहितीलच. विद्यापीठातून वातावरण-रसायनशास्त्राची जी मंडळी शाळेत यायची, त्यांनी शिकवलेल्या कृती मात्र कुठेच नीट उतरवून ठेवलेल्या नाहीत. पुढे हाच विषय पोटापाण्याचा झाल्यामुळे त्यातल्या खाचाखोचा आज जास्त कळतात. म्हणून इथे कृतीच लिहितो. आत्ताच्या नववीच्या वर्गाला आणि विज्ञानाच्या बाईंना-सरांना त्याचा उपयोग व्हावा.

सुरुवात ओझोनच्या पट्टीने. ओझोन पट्टीवरच्या आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतो आणि ते स्टार्चला लागलं की निळा-जांभळा रंग येतो; जितका गडद तितका ओझोन जास्त. ही युक्ती स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांची. ओझोन हे नावही त्यांनीच 1840 मध्ये दिलं. 100 मिली डिस्टिल्ड पाणी, 5 ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि 1 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, एवढंच साहित्य. कॉर्नफ्लोअर म्हणजे पाकिटातला पांढरा, चिमटीत करकरणारा स्टार्च. घरून आणायला सांगितलं की निम्मी मुलं मक्याचं पिवळं पीठ आणतात. ते चालत नाही, रंग डागाळतो आणि वाचता येत नाही. आरारूट चालतं. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर खळ पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. भांडं खाली उतरवल्यावरच आयोडाइड घालायचं. खळ गार झाली की काचेवर फिल्टर पेपर ठेवून ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ, सारखा थर द्यायचा. थर जाड-पातळ झाला की पुढे रंगही ठिपक्याठिपक्यांचा येतो आणि मुलं सगळ्यात गडद ठिपका बघून आकडा लिहितात.

वाळवायचं ते बंद कपाटात. उन्हात नको, कारण ओझोन नसतानाही प्रकाश आणि हवा मिळून आयोडाइडचं आयोडीन करतात. ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनजवळही नको. जुन्या मशीनमधल्या विजेच्या विसर्गातून ओझोन तयार होतो आणि पट्ट्या लटकवण्याआधीच जांभळ्या पडतात. एक पट्टी मुद्दाम तिथे ठेवून पाहायला हरकत नाही, पट्टी काम करते याची ती झकास खात्री आहे. वाळल्यावर बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, चिमट्याने उचलायच्या आणि तपकिरी बाटलीत ठेवायच्या. जितक्या ताज्या तितक्या बऱ्या.

लावताना पट्टी डिस्टिल्ड पाण्याने ओली करायची. सगळ्यात जास्त प्रयोग बिघडतात ते इथेच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि तेही आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतं. पट्टी हातातच निळी होते आणि वर्ग टाळ्या वाजवतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात विद्यापीठाची मंडळी ही चूक आधी मुद्दाम करून दाखवत, आणि ते योग्यच होतं. गॅरेजमध्ये बॅटरीत भरायला मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं, फक्त दुकानदाराने ॲसिडचा कॅन दिला नाही ना, हे लेबल वाचून बघावं.

पट्टी सावलीत, भिंतीपासून सुटी, दोऱ्याने टांगायची आणि 8 तास ठेवायची. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हे शाळेला सोयीचं आहे आणि ओझोनलाही, कारण तो ऊन चढेल तसा तयार होतो आणि दुपारी सर्वांत जास्त असतो. काढल्यावर पुन्हा ओली करून 0 ते 10 च्या रंगपट्टीशी ताडून बघायची. प्रत्येक वेळी त्याच घाण्यातली दुसरी पट्टी ओली करून बंद बाटलीत तितकेच तास ठेवायची. ही कोरी पट्टी. तिच्यावर रंग आला तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद. ते खोडायचे नाहीत, रजिस्टरात राहू द्यायचे आणि शेजारी कारण लिहायचं. बाकीची सगळी रसायनं परवडतील, पण ही एक पट्टी वाया घालवल्यासारखी वाटते आणि पहिली काटकसर तिच्यावरच होते.

कोरी पट्टी नितळ राहिली तरी दमटपणाचा प्रश्न उरतोच. हवा दमट असेल तर तेवढ्याच ओझोनला रंग जास्त चढतो. म्हणून रंगाच्या आकड्याबरोबर ओल्या-कोरड्या तापमापकावरून काढलेली सापेक्ष आर्द्रता लिहावीच लागते. एकोणिसाव्या शतकात ठिकठिकाणच्या वेधशाळांनी अशा पट्ट्यांची हजारो निरीक्षणं घेतली. आर्द्रतेमुळे आणि वाऱ्यामुळे त्यांतून ओझोनचं खरं प्रमाण काढणं फार अवघड झालं. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे हाच पट्टीचा हंगाम समजावा.

आता शाळेच्या फाटकाचं कोडं. मुलांचा अंदाज असतो की रस्त्यावर गाड्यांचा धूर, म्हणजे ओझोनही तिथेच जास्त. प्रत्यक्षात गाडीतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो आणि त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. त्यामुळे भर रस्त्यावर ओझोन कमी असतो आणि शहराबाहेर, वाऱ्याच्या पुढच्या अंगाला, अनेकदा जास्त. पण पट्टीला हे धड दाखवता येत नाही, कारण नायट्रोजन डायऑक्साइडही तिला थोडं रंगवतो. उलट जवळ कोळसा किंवा गंधकाचं इंधन जळत असेल तर सल्फर डायऑक्साइड आलेला रंग घालवतो. पट्टी ‘ऑक्सिडीकरण करणारं काहीतरी’ मोजते, हे नवव्या वर्गालाही सरळ सांगावं. ते लपवून ‘आपण ओझोन मोजला’ म्हणणाऱ्या प्रकल्पांना बक्षिसं मिळतात, याचा मला अजून राग येतो.

म्हणून नायट्रोजन डायऑक्साइड वेगळा मोजायला फाटकापाशी नळी लावायची. 7 सेंटिमीटर लांबीची, सेंटिमीटरभर आतल्या व्यासाची ॲक्रिलिकची नळी. वरच्या टोपणात स्टीलची जाळी, जाळीवर हा वायू शोषून घेणाऱ्या ट्रायइथेनॉलअमीन या रसायनाचा लेप. खालचं टोपण काढलं की नायट्रोजन डायऑक्साइड नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, वर जाऊन लेपात अडकतो. पंप नाही, वीज नाही. ती ताशी साधारण 70 घनसेंटिमीटर हवेतला वायू टिपते, म्हणून दोन ते चार आठवडे तशीच ठेवावी लागते. मग विद्यापीठात लेपाला रसायनाने रंग आणून तो 540 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजला जातो. शाळेकडे तीनच कामं: नळी उभी, तोंड खाली, हात पोचणार नाही अशा उंचीवर लावणं, लावल्या-काढल्याची तारीख-वेळ मिनिटासकट लिहिणं, आणि एक नळी न उघडता फ्रिजमध्ये ठेवणं. ही नळीची कोरी पट्टी. वाऱ्याच्या झोतात नळी ठेवली तर तोंडाशी हवा घुसळते, विसरणाचं अंतर कमी होतं आणि आकडा फुगतो. आत कोळ्याने जाळं केलं तर ती नळी बाद.

पावसाळ्यात पट्टी बंद आणि पावसाच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा, मोजणं सुरू. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच 5.6 च्या आसपास असतो, 7 नाही. आपल्याकडे पहिल्या सरींचा पीएच अनेकदा याहून वर येतो, कारण उन्हाळाभर उडालेल्या मातीतलं कॅल्शियम आम्ल मारतं. मुलं हिरमुसतात, त्यांना आम्लवर्षा हवी असते. भांडं सर येण्याच्या जरा आधी उघडं करावं. रात्रभर उघडं राहिलं तर पावसाऐवजी धूळच मोजली जाते. पीएच मीटर आधी 4 आणि 7 अशा ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर (बफरवर) लावून घ्यायचा. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की आकडा बराच वेळ सरकत राहतो. मीटर बिघडला असं समजून लोक तो ठोकतात. थांबायचं, किंवा नमुन्यात मिठाचे दोन-चार कण टाकायचे. लिटमस इथे बिनकामाचा.

राहिला सूर्यमापक, म्हणजे हवेतल्या धुळीने सूर्यप्रकाश किती अडतो ते मोजणारी पेटी. एलईडीवर प्रकाश पाडला की ती उलट वीज देते, तीही ठरावीक रंगालाच. फॉरेस्ट मिम्स यांनी यावरून स्वस्त सूर्यमापक बनवला आणि ड्रेक्सेल विद्यापीठाचे डेव्हिड ब्रुक्स यांच्याबरोबर तो ‘ग्लोब’ या शालेय कार्यक्रमात आणला. हिरवी आणि लाल अशा दोन वाहिन्या, एक व्होल्टमीटर. छिद्रातून आलेला सूर्याचा ठिपका खुणेवर बसवायचा आणि मिळणारं सर्वांत मोठं व्होल्टेज टिपायचं. मग छिद्र बोटाने झाकून अंधारातलं व्होल्टेज घ्यायचं आणि पहिल्यातून वजा करायचं. इथेही कोरी पट्टी आलीच. एलईडी तापली की आकडा सरकतो, म्हणून पेटी उन्हात ठेवायची नाही, मोजणीपुरतीच बाहेर काढायची. सूर्यावर आलेला विरळ, तंतुमय ढग डोळ्याला दिसतही नाही, पण धूळ दुप्पट झाल्यासारखी दाखवतो. शेजारी आकाशाची नोंद नसेल तर तो आकडा वापरू नये. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, नेम ठिपक्यावरूनच धरायचा.

हल्ली धूलिकण मोजणारे छोटे सेन्सर सहज मिळतात. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर त्यांनाच धूळ समजतो. बाकी वर लिहिलंय तेच.

रजिस्टरात रकाने असे आखावेत: तारीख, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, आर्द्रता, आकाश, पट्टीचा आकडा, कोऱ्या पट्टीचा आकडा, घाणा क्रमांक, नोंद कोणी केली. प्रयोगशाळेच्या कपाटात पोटॅशियम आयोडाइडची बाटली असेल तर आधी झाकण उघडून बघा. आतली पूड पांढरी असेल तर वापरा. पिवळसर झाली असेल तर नवी मागवा.