दिंडीतली आजी

वारी आमच्या घरात आजोबांच्या वडिलांपासून आहे. त्यांच्यानंतर आजोबांनी चालवली, आणि आजोबा अकाली गेले तेव्हा मुलं लहान म्हणून ती आजीकडे आली. शेताच्या वाटण्या होतात, वारीची होत नाही. कुणीतरी एकानं ती उचलायची असते. 2021च्या दिवाळीनंतर आजी गेली. पुढचा ज्येष्ठ जवळ आला तशी घरातल्या प्रत्येक बाप्याला पेरणी आठवायला लागली. म्हटलं, मीच जाते.

त्याआधीची दोन वर्षं करोनानं पायी वारी झालीच नव्हती. 2020 साली ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, ते आजीनं टीव्हीवर पाहिलं. "माउली गाडीत बसले?" एवढं म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली. पण मुक्काम तिनं सोडले नाहीत. सकाळी अंगण झाडता झाडता सांगायची, आज वाल्हे. उद्या नीरेचं स्नान करून लोणंद. मग तरडगाव, फलटण. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला पुणे, सातारा, सोलापूर हे तिन्ही जिल्हे असे पायाखालून पाठ होते. हरिपाठही तसाच, चालता चालता मुखी बसलेला.

आळंदीला आजीच्याच दिंडीत नाव घातलं, भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाणाचे पैसे भरले, वळकटी ट्रकमध्ये टाकली. रथामागची दिंडी, बहुतेक मराठवाड्याची माणसं. दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्याबद्दल नवीन काय सांगणार? पुणे ते सासवड ही सगळ्यात लांबची चाल. घाट चढून आला की वाटतं आता पोचलो, आणि सासवड अजून पुढेच असतं.

मला नवीन होतं ते पहाटेचं. पहाटे तरी कसं म्हणू, बायकांची वारी रात्री दोन-अडीचलाच सुरू होते. टँकरच्या नळाखाली अंधारात आंघोळ, आडोशाला दोघींनी धरलेलं लुगडं, आणि सगळ्यात आधी शौचाची सोय. आता फिरती शौचालयं असतात, तरी रांग असतेच. आजीच्या उमेदीत अंधार हाच आडोसा. तांबडं फुटायच्या आत आटोपलं नाही, तर दिवसभर पोट आवळून चालायचं. वारीहून परतल्यावर आजी टाळ-मृदंगाचं सांगायची, रिंगणाचं सांगायची. हे कधी बोलली नाही.

दिंडीत तिच्या शेजारून कैक वर्षं चाललेल्या एक मावशी होत्या. मी कुणाची कोण हे कळल्यावर त्यांनी मला आपल्या रांगेत ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझी आजी म्हंजी लई भांडखोर बाई, बघ."

आमची आजी? घरात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेल्या कालवणात भाकरी कुस्करून खाणारी, पाय दुखतात हेसुद्धा विचारल्याशिवाय न सांगणारी. मावशींना बहुधा दुसरीच कुणी आठवत असावी असं मला वाटलं.

मग त्यांनी समाज आरतीचा किस्सा सांगितला. मुक्कामाला पोचलं की सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, वर केला की एका क्षणात सगळं थांबतं. एवढा मोठा समाज, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल. मग हरवल्या-सापडल्याचं सांगतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं चोप वर गेल्यावरही टाळ वाजवत राहायचं. मग चोपदार तिथं जाऊन विचारतात, ऐकून घेतात. मागणं मांडायची इतकी देखणी रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

एका वर्षी आमच्या दिंडीचा पाण्याचा टँकर सलग दोन मुक्काम आलाच नव्हता. बायका घागरी घेऊन वस्त्यांवर हिंडत होत्या. पुरुष म्हणत होते, जाऊ द्या, चालायचंच. त्या संध्याकाळी चोप वर गेला, टाळ थांबले, आणि आजीनं पुढच्या टाळकऱ्याच्या पाठीत बोट खुपसलं. "थांबू नगंस. वाजव." तो घाबरत वाजवत राहिला. त्याचं बघून दुसरा, मग सगळी दिंडी. चोपदार आल्यावर दिंडीप्रमुखांना शब्द सुचेना, तेव्हा पाण्याचं आजीनंच सांगितलं. दुसऱ्या मुक्कामी टँकर आपल्या आधी येऊन उभा होता, असं मावशी म्हणाल्या.

वारीत सगळे सारखे असं बोलायची पद्धत आहे. आमच्या दिंडीत वीणा अजून पुरुषाच्याच गळ्यात असते, हे मी पाहिलं. तरी आजीला जे घरात मागता आलं नाही, ते तिनं इथं मागितलं, तेही चारचौघांत. तिला दरवर्षी एवढी ओढ कशाची लागायची, याचं घरी आम्ही एकच उत्तर धरून चाललो होतो: भक्ती. ती होतीच. पण जिथं तिच्या बोलण्यानं टँकर यायचा, अशी जागाही तिला हीच होती.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व दौडत गेले तशी माणसं टापांखालची माती कपाळी लावायला वाकली. आजी ती पदरात बांधून आणायची आणि रानात टाकायची. मीही मूठभर बांधून घेतली. पुढे वेळापूरचा धावा, म्हणजे सगळ्यांनी धावत सुटायचं, मग वाखरी, आणि दशमीला पंढरपूर.

चंद्रभागेत स्नान झाल्यावर मावशींना विचारलं, दर्शनाची रांग कुठून? त्या हसल्या. "आपल्याला कुठली रांग? नामदेव पायरीला डोकं टेकायचं, कळसाला हात जोडायचे, झाली वारी. तुझी आजी कधीच रांगेत उभी राहिली न्हाई. म्हणायची, चालत आलेलं त्याला दिसतंय की."

आणि घरी दरवर्षी आम्हाला विठोबाचं वर्णन ऐकायला मिळायचं. डोळे कसे, तुळशीचा हार कसा, यंदा जरा दमल्यासारखा वाटला, सगळं.

संध्याकाळी वाळवंटातून घरी अण्णांना फोन लावला, हे सांगितलं.

"मग आमाला सांगायची ते काय होतं?" अण्णा म्हणाले.

मी फोन मावशींकडे दिला. त्यांनी आधी विचारलं, तुमच्याकडं पाऊस झाला का, पेरण्या उरकल्या का. मग म्हणाल्या, "आता पुढच्या साली तुमीच या. पोरीच्या पायाला फोड आल्यात."