नायट्रिक की नायट्रस? साडेदहा महिने आणि एक पत्र

मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा मी आधी सही बघितली, मग शिक्का, मग प्राण्यांची संख्या. शीर्षक वाचायचं सुचलंच नाही. ते वाचलं संध्याकाळी घरी, नवऱ्याला कौतुकाने दाखवताना. 'दाहाच्या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइडची भूमिका.'

माझा विषय नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे शरीरातल्या पेशी स्वतःच बनवतात तो वायू. नायट्रस म्हणजे हसवणारा वायू, दाताच्या डॉक्टरांकडे भूल म्हणून वापरतात तो. नवरा बँकेत आहे. तो म्हणाला, "एवढ्याने काय होतंय?" त्याला म्हटलं, तुझ्याकडे चेकवर नाव चुकलं तर पैसे देतोस का? मग गप्प बसला.

फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजीत पीएच.डी. करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. पेट ही प्रवेश परीक्षा, गाईड मिळणं, आरआरसी म्हणजे विद्यापीठाच्या समितीपुढे विषय मांडणं, हे सगळं व्यवस्थित पार पडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आमच्याकडे हात-पाय सुजला की आजी निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची. त्या पानांच्या अर्काने सूज उतरत असेल तर त्यात नायट्रिक ऑक्साइडचा काही हात आहे का, हे मला उंदरांवर बघायचं होतं. प्राण्यांवरचा कुठलाही प्रयोग संस्थेच्या नैतिकता समितीच्या, म्हणजे आयएईसीच्या, मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही, आणि करूही नये. उंदरांसारख्या लहान प्राण्यांचे प्रस्ताव दिल्लीला जात नाहीत, संस्थेतच निकाली निघतात. "महिना-दीड महिना," सिनियर म्हणाले होते.

मी 'फॉर्म बी', म्हणजे या मंजुरीचा अर्ज, जूनमध्ये दिला. पत्र आलं मार्चमध्ये. दुरुस्त पत्र एप्रिलच्या शेवटी.

ऑगस्टची बैठक ठरली होती. केंद्राकडून नेमलेले नॉमिनी आल्याशिवाय बैठक होत नाही, आणि त्यांना त्या दिवशी दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं. सप्टेंबरमध्ये कळलं की समितीचीच मुदत संपली आहे, नवीन नावं यायची आहेत. दिवाळी गेली. नाताळ गेला. दर सोमवारी मी ऑफिसात डोकावायचे, आणि मला बघताच क्लार्क मॅडम मान हलवायच्या. शेवटी शेवटी तर मी दारातूनच परत फिरायला लागले. या काळात आमच्या गाईड सरांनी "वाचन कर" हे वाक्य किती वेळा ऐकवलं, त्याची मोजदाद नाही.

वाचन केलं, नाही असं नाही. नायट्रिक ऑक्साइड शरीरात जेमतेम काही सेकंद टिकतो, लगेच त्याचं नायट्राइट आणि नायट्रेट होतं. म्हणजे आग विझल्यावर राख मोजायची. राख मोजायची पद्धत १८७९ सालची, ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची. सल्फानिलामाइड आणि एनईडी ही दोन रसायनं नमुन्यात घातली की नायट्राइट असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो. तो रंग ५४० नॅनोमीटरवर मोजायचा, बस्स. आमची रसायनं जुलैतच येऊन पडली होती. (एनईडीची बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवा, उजेडाने खराब होते.) उंदीर नाहीत, नमुने नाहीत, आणि रसायनांची मुदत चालली आहे. एक दिवस जेवण झाल्यावर मी स्वतःची थुंकीच परीक्षानळीत घेतली. डब्यात पालकाची भाजी होती. रंग असा भडक आला की लॅबमधले मामा म्हणाले, "ताई, पान खाल्लं का काय?" पालकात नायट्रेट भरपूर असतं आणि जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. पुढे हे फार उपयोगी पडलं, कारण उंदरांच्या खाद्यातही नायट्रेट असतं आणि रक्ताच्या आकड्यात ते घुसतं. सगळ्या गटांना एकच खाद्य, आणि रक्त घेण्याआधी उपास, हे फॉर्ममध्ये आधीच लिहून टाका.

बैठक जानेवारीत झाली. माझ्या वाट्याला पंधरा मिनिटं आली. सगळ्या सात महिन्यांत विज्ञान म्हणावं असं जे काही घडलं ते त्या पंधरा मिनिटांत.

पशुवैद्य डॉक्टरांनी विचारलं, "एका गटात सहाच उंदीर का?"

मी म्हणाले, "सर, सहाच घेतात."

"कोण घेतात?"

फॉर्ममध्ये या प्रश्नासाठी वेगळी जागा असते, आणि तिथे मी एका जुन्या थीसिसमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. तुम्हीही उतरवाल, मला माहीत आहे. उतरवू नका. किती फरक दिसला तर तो खरा मानणार आणि मोजमापात किती चढउतार होतो हे आधी ठरवा, मग संख्या काढा. मी नंतर काढली तेव्हा योगायोगाने सहाच आली, ते सोडा.

दुसरा प्रश्न बाहेरच्या संस्थेतून आलेल्या मॅडमनी विचारला. आवाज अगदी मऊ. "तुम्ही कॅराजिनन टोचल्यावर किती तास मोजणार?"

कॅराजिनन म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ, आईस्क्रीम दाट करायला घालतात तोच. त्याचं १ टक्क्याचं द्रावण ०.१ मिलि उंदराच्या मागच्या पंजात टोचलं की पंजा सुजतो. घोट्यावर पेनने खूण करून पंजा तेवढाच प्लेथिस्मोमीटर या आकारमान मोजायच्या उपकरणात बुडवायचा आणि सूज मोजायची. कॉलेजा-कॉलेजांत हे चार तास मोजतात. मी म्हणाले, "चार."

"मग आयएनओएस तुम्हाला दिसणार कसं?"

मी गाईड सरांकडे बघितलं. सर खिडकीकडे बघत होते.

तर भानगड अशी. नायट्रिक ऑक्साइड बनवणारी विकरं (एन्झाइम) तीन. मज्जातंतूंमधलं आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं अशी दोन कायम कामावर हजर असतात, थोडा थोडा वायू सोडतात. तिसरं आयएनओएस. ते एरवी जवळजवळ नसतंच. जंतू किंवा इजा यांचा सुगावा लागला की मॅक्रोफेजसारख्या संरक्षक पेशी ते नव्याने बनवतात आणि मग वायूचा पूर सोडतात. नव्याने बनवायचं म्हणजे जनुकापासून सुरुवात, त्यात काही तास जाणार. १९९६ साली एका गटाने उंदराच्या पंज्यावर हेच दाखवलं होतं. पहिल्या चार तासांतली सूज कायम हजर असलेल्या विकरांच्या वायूवर चालते, आयएनओएसचा वाटा त्यानंतर, पाचव्या ते दहाव्या तासात येतो. म्हणजे मी ज्याला शोधायला निघाले होते, तो यायच्या आधीच दुकान बंद करून घरी जाणार होते.

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वायू रोखायला मी एल-नेम नावाचं औषध लिहिलं होतं. ते तिन्ही विकरांना अडवतं. त्याने रक्तदाब वाढतो, पंजात जाणारं रक्त कमी होतं, आणि निव्वळ त्यामुळेही सूज कमी दिसू शकते. "सूज उतरली म्हणजे दाह उतरला, हे कशावरून?" एवढं विचारून त्यांनी चष्मा काढून ठेवला. याच्या उत्तरासाठी आयएनओएसलाच जास्त अडवणाऱ्या औषधाचा एक गट वाढवावा लागला. सगळाच नायट्रिक ऑक्साइड रोखणं किती महागात पडतं, याचं उदाहरणही त्यांनीच दिलं. जंतुदोषाने कोसळलेल्या रुग्णांना तसं औषध देण्याचा मोठा प्रयोग झाला होता. रक्तदाब सावरला, पण मृत्यू वाढले, आणि प्रयोग थांबवावा लागला.

त्या रात्री झोप लागली नाही. राग सात महिन्यांचा होता आणि प्रश्न मात्र बरोबर होते, त्यामुळे राग कुणावर काढावा तेच कळेना. जूनमध्येच बैठक झाली असती तर हे जूनमध्येच कळलं असतं, हा मुद्दा माझा अजूनही आहे.

फेब्रुवारीत सुधारित फॉर्म दिला. ३६ उंदरांचे ४२ झाले, मोजणी दहा तासांची झाली. मार्चमध्ये पत्र. नायट्रस.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जी गेले ती भांडायच्या तयारीनेच. चार शब्द बोलले, जरा वरच्या पट्टीतच. क्लार्क मॅडमनी काही न बोलता फाईल उघडली आणि सुधारित फॉर्मसोबतचं अग्रेषण पत्र माझ्यापुढे सरकवलं. माझंच. रात्री साडेबाराला टाईप केलेलं, खाली माझी सही. त्यात नायट्रस. फॉर्ममध्ये अकरा ठिकाणी बरोबर, पत्रात एकाच ठिकाणी चूक, आणि मंजुरीचं शीर्षक त्यांनी पत्रावरून उचललेलं.

चूक माझी, मान्य. माफीही मागितली. पण त्या कागदावर गाईडची सही आहे, प्राचार्यांची आहे, समितीच्या मंडळींच्याही आहेत, आणि त्यातल्या एकाच्याही डोळ्याला हसवणारा वायू खुपला नाही! अमेरिकी शास्त्रज्ञ फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत १९७८ साली सहायकाने प्रयोगाचा सांगितलेला क्रम चुकवला. त्या घोटाळ्याचा माग काढता काढता रक्तवाहिनीच्या अस्तरातून काहीतरी सुटतं हे उमगलं, पुढे ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड निघालं आणि १९९८ साली त्यांना इग्नारो आणि मुराद यांच्यासोबत नोबेल मिळालं. माझ्या घोटाळ्यातून सात आठवडे गेले. एक शब्द दुरुस्त करायला पुन्हा बैठक लागते, नुसत्या पेनाने खोडता येत नाही. तोवर अॅनिमल हाऊसचे सर उंदीर मागवू देईनात. तेही बरोबरच. थीसिसच्या आणि मंजुरीच्या शीर्षकात फरक निघाला असता तर पुढे मीच अडकले असते.

मधल्या काळात पेशींवर काम केलं, त्याला ही मंजुरी लागत नाही. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशी-भांडारातून उंदराच्या मॅक्रोफेजची आरएडब्ल्यू २६४.७ ही वाण मागवली. एक सांगायचं राहिलं: या पेशी आरपीएमआय या पोषक माध्यमात वाढवत असाल आणि नायट्रेटही मोजणार असाल तर थांबा, त्या माध्यमातच नायट्रेट असतं. माझे दोन आठवडे त्यात गेले. आणि उंदराच्या पेशी जितका वायू सोडतात तितका माणसाच्या मॅक्रोफेज काचेच्या बशीत सोडत नाहीत. व्हायव्हात हे विचारतातच, मलाही विचारलं.

उंदीर मे महिन्यात आले. बाहेर बेचाळीस अंश, आत बावीस, आणि वीज गेली की माझा जीव वर. आठवडाभर त्यांना रुळू दिलं आणि मग एका सकाळी आठ वाजता पहिला पंजा टोचला. पूर्वीच्या हिशेबाने बारा वाजता मी घरी जेवायला गेले असते. दहाव्या तासाची मोजणी संध्याकाळी सहाला झाली. मामा ड्यूटी संपूनही थांबले होते. नोंदवहीत शेवटचा आकडा लिहून झाल्यावर त्यांनी पानाच्या वरचं शीर्षक बोट ठेवून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "नायट्रिक. बरोबर आहे, ताई."