लाइन बदलायची असेल तर आधी रविवार द्या

हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी स्टेशनवर भेटलं की विचारतंच, की तू बॅक ऑफिसची चांगली नोकरी सोडून वायरमन झालास ते नक्की कसं ठरवलंस, आणि लगेच पुढचं वाक्य असतं, मला पण लाइन बदलायचीय रे पण काय करायचं तेच कळत नाही. गाडी येईपर्यंतच्या वेळात ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहितोय.

मी बी.कॉम. घर भांडुपला, ऑफिस मालाडला, म्हणजे एकतर दादरला जाऊन उलटं वेस्टर्नने यायचं नाहीतर जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, बसमध्ये उभं राहायचं. काम रीकन्सिलिएशनचं. एका बाजूला बँकेच्या खात्यातल्या एन्ट्र्या, दुसऱ्या बाजूला सिस्टीममधल्या, त्या जुळवायच्या, न जुळलेल्यांना ब्रेक म्हणतात, ते शोधून कारण लिहून वर पाठवायचे. काम वाईट नव्हतं हे मी मनापासून सांगतो, त्या पगारावर बहिणीचं लग्न झालं, आमची रूम पक्की झाली. टीममधले काहीजण त्यात खरंच रमायचे, एखादा जुना ब्रेक सापडला की त्यांचा चेहरा खुलायचा. माझा नाही खुलायचा. मला तो सापडला की फक्त संपल्याचं वाटायचं, आणि हा फरक मला कितीतरी वर्षं कळलाच नव्हता, मला वाटायचं नोकरी म्हणजे सगळ्यांना अशीच वाटते.

मग कधीतरी तिशी उलटल्यावर सुरू झालं, की आपण काय करायला हवं होतं. रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघायचो, ऑनलाइन टेस्टा दिल्या, कोणी म्हणालं डेटा अ‍ॅनालिटिक्स कर, कोणी म्हणालं शेअर मार्केट. महिने गेले आणि काही हाती लागलं नाही. आता वाटतं, बसून विचार करून हे कळणारच नसतं, कारण डोक्यात कुठलंही काम आलं की त्याचा छान छान भागच येतो. हॉटेल म्हटलं की भरलेली टेबलं दिसतात, पहाटे भाजी आणायला जाणारा माणूस दिसत नाही. शिक्षक म्हटलं की वर्ग दिसतो, वह्यांचे गठ्ठे दिसत नाहीत. आणि कामात आपला जास्त वेळ जातो तो ह्या न दिसणाऱ्या भागातच.

माझं सुरू झालं ते आमच्याच चाळीतून. घराचं वायरिंग जुनं होतं, लाकडी पट्टीतलं, ते सगळं काढून नवीन करायला एक मिस्त्री यायचे, वय साठीच्या आसपास, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्या रविवारी त्यांचा हेल्पर आला नाही म्हणून मी शिडी धरायला उभा राहिलो. पाइपात स्प्रिंग टाकायची, तिला वायर बांधायची, एकाने ढकलायची दुसऱ्याने ओढायची, मध्ये कुठे अडकली की परत मागे. दिवसभर हेच. संध्याकाळी बायको म्हणाली की अहो, आज तुम्ही मोबाइलला हात नाही लावलात. मी काकांना विचारलं की पुढच्या रविवारी कुठे आहे काम, मी येऊ का. ते म्हणाले, ये, पण हात खराब होतील, आणि पैसे मी देणार नाही.

तिथून मी बरेच महिने रविवारी त्यांच्याबरोबर जात राहिलो, आणि जो मला विचारतो त्याला मी पहिलं हेच सांगतो. ज्या कामाची ओढ वाटते ना, ते रोज करणाऱ्या माणसाच्या बाजूला जाऊन उभा राहा. क्लास, सर्टिफिकेट, राजीनामा सगळं नंतर. एक-दोनदा जाऊन नाही कळत, नव्याची नवलाई असते. ती ओसरू द्यायची आणि मग बघायचं, की त्या कामातला जो सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे तो आपल्याला नीट करावासा वाटतो का. वायरिंगमध्ये तो भाग म्हणजे भिंतीला झिरी मारणं, धूळ खाणं, डीबीमध्ये, म्हणजे घरभरच्या वायरी जिथून फुटतात त्या पेटीत, प्रत्येक वायरला नंबर लावणं. मला नंबर लावायला आवडतं. नसले लावलेले तर मला चैन पडत नाही. ऑफिसमध्ये एक्सेलच्या शीटबद्दल असं कधीच वाटलं नव्हतं.

उलटंही होतं आणि तेही तितकंच कामाचं आहे. माझ्या टीममधल्या एकाला बेकरी काढायची होती, पैसे बाजूला काढले होते, गाळाही बघून ठेवला होता. मी त्याच्या मागे लागलो की आधी कुठेतरी जाऊन उभा राहा. त्याच्या ओळखीत एक बेकरीवाले होते, त्यांच्याकडे तो शनिवार-रविवार पहाटे जायला लागला. महिन्याभरात त्याला कळलं की त्याला केक करायला आवडतं पण रोज तोच पाव तितकाच करायला नाही आवडत, आणि बेकरी पावावर चालते. तो आज त्याच नोकरीत आहे, घरी ऑर्डरचे केक करतो, खूष आहे. त्याचा गाळा वाचला, पैसे वाचले. आणि आमच्याच टीममधली एक जण शाळेत मराठी शिकवते आता. तिने आधी वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलं घेतली, वह्या तपासण्याचा तिला कंटाळा येत नाही हे बघितलं, मगच बीएडला गेली. बीएड आता दोन वर्षांचं आहे, वर टीईटी, टीएआयटी ह्या परीक्षा, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघणं, एवढं सगळं करायला तेवढी खात्री लागते.

आता बाबांचं. हा भाग मला सगळ्यात कठीण गेला.

बाबा कापड गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागावर, आधी बदली कामगार मग पर्मनंट. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले होते, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्यावर सगळ्यांचा जीव, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही कधी, नुसता विरत गेला. बाबांची लाइन तिथे बदलली, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. काही दिवस गावी, मग भायखळ्याला भाजी उचलायची, मग शेवटपर्यंत सिक्युरिटी. लालबागची खोली गेली, आम्ही भांडुपला आलो. तर अशा माणसासमोर जाऊन मी म्हणत होतो की बाबा, मी पर्मनंट नोकरी सोडतोय, माझ्या मर्जीने. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आम्हाला ढकललं होतं रे, तू स्वतःहून का उडी मारतोस?"

ह्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि वाद घालावा असं वाटलंही नाही, कारण त्यांची भीती पुस्तकातली नव्हती. मी एवढंच केलं की हिशोब कागदावर मांडून त्यांना दाखवला, आणि हा हिशोब कोणीही लाइन बदलणाऱ्याने मांडलाच पाहिजे. नोकरीला पाच वर्षं झालीयत का, कारण ग्रॅच्युइटी साधारण त्यानंतरच मिळते. पीएफला हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, ती माझी झाली होती, नसती तर मी आणखी थांबलो असतो. ऑफिसचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो, आई-बाबा त्यात होते, म्हणून निघायच्या आधीच एचआरला विचारून त्याच विमा कंपनीची घरगुती पॉलिसी करून घेतली, ग्रुपमधून वैयक्तिकमध्ये जाता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि वय झालेल्या माणसांसाठी हे फार मोलाचं आहे. बायको पतपेढीत आहे. तिच्या पगारात घर चालेल, सणवार साधे होतील, हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मुंबईत लाइन एकटा माणूस बदलत नाही, अख्खं घर बदलतं, आणि ज्याच्या घरी दुसरा पगार नाही त्याला "हिंमत कर" असं सांगायचा मला अधिकार नाही. त्याने रविवार जास्त द्यावेत, वेळ जास्त घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही.

मग आयटीआय, वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन ट्रेड. दोन वर्षं पूर्ण वेळ, दहावी पास लागते, आणि वयाची वरची अट नाही हे मी तुम्हाला ठळक अक्षरात सांगतो कारण मलाही ते माहीत नव्हतं. वर्गात बाकीची पोरं सोळा-सतरा वर्षांची, मला दादा म्हणायची. फायलिंग करताना, म्हणजे कानशीने लोखंड घासताना, त्यांचे हात माझ्यापेक्षा झरझर चालायचे आणि थिअरीला ती माझ्याजवळ येऊन बसायची, छान गट्टी जमली. नातेवाइकांमध्ये मात्र कुजबुज झाली. बी.कॉम होऊन आयटीआय म्हणजे आपल्याकडे लोकांना खाली उतरल्यासारखं वाटतं. मला ह्याचा राग येतो, खरंच येतो. ज्याच्या हातावर अख्ख्या घराचा जीव अवलंबून आहे त्याला आपण मागच्या दाराने चहा देतो आणि एक्सेल जुळवणाऱ्याला साहेब म्हणतो, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

पास झाल्यावर अप्रेंटिसशिप, मग परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम. अप्रेंटिसशिपनंतरचं पहिलं वर्ष जुन्या पगाराच्या अर्ध्याहून कमी मिळालं. आता जवळपास तितकंच येतं पण सरळ रेषेत येत नाही, गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी श्वास घ्यायला वेळ नसतो, इतर वेळी मोकळं जातं.

कामाबद्दल सांगितलं नाही तर हे अर्धवट राहील. मध्ये पावसात परळच्या एका जुन्या चाळीत गेलो होतो. तिथे बेस्टचा सप्लाय. मुंबईत विजेचे भाग पडलेत, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, पुढे उपनगरात अदानी किंवा टाटा, आणि आमच्या भांडुप-मुलुंडला महावितरण. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरच्या पुढे घरमालकाची, आणि घोळ बहुतेक वेळा पुढेच असतो. तिथल्या आजी म्हणाल्या की फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, कधी येतात कधी नाही. आधी कोणीतरी येऊन फ्रिज खराब आहे सांगून गेला होता. मी सॉकेट उघडलं तर गळणारा करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायरच नव्हती, कोणीतरी अर्थच्या पिनला न्यूट्रलमधून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरमधून, एक तुकडा जोडून ठेवला होता. वरवर काम चालतं त्याने. पण मागे मेन स्विचमध्ये न्यूट्रल ढिला झाला होता, आणि न्यूट्रल सुटला की घरातल्या चालू उपकरणांमधून फिरून तोच करंट त्या तुकड्यातून थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतो. न्यूट्रल पूर्ण सुटला असता आणि आजी ओल्या लादीवर अनवाणी असत्या तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. तुकडा काढला, न्यूट्रल कापून नवीन करून घट्ट केला, खरी अर्थिंग ओढली, करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारी तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवली, मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून सगळं तपासलं. हे शोधायला मला अर्धा दिवस लागला आणि त्या अर्ध्या दिवसात मी दुसरं काही म्हणजे काही आठवलं नाही. न जुळलेली एन्ट्री शोधण्यासारखंच आहे की हे, असं मला जुना मॅनेजर म्हणाला होता, आणि खरंय त्याचं, शोधायची सवय मी तिथूनच घेऊन आलो. पण इथे सापडल्यावर माझा चेहरा खुलतो.

घरी जाऊन बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ प्रश्न विचारत होते, न्यूट्रल म्हणजे काय, ढिला कसा होतो. मग म्हणाले की आमच्या गिरणीत इलेक्ट्रिक खात्याचा माणूस आला की आम्ही साचे सोडून त्याच्याभोवती उभे राहायचो, तो काय करतो ते बघायला. मी त्यांना सांगितलं की गिरण्यांना ती वीज टाटांच्या खोपोलीच्या पॉवरहाउसमधून यायची, 1915 पासून, घाटातलं पाणी खाली सोडून. त्यांना हे माहीत नव्हतं. आता ते रोज संध्याकाळी विचारतात, आज काय निघालं.

भांडुप-मुलुंड-ठाण्याकडचं कोणी असेल आणि ह्या कामाकडे मन जात असेल तर रविवारी माझ्याबरोबर या. जाड रबरी सोलचे बूट घाला, अंगठी, कडं, धातूचं घड्याळ घरी ठेवा, आणि मी सांगितल्याशिवाय कुठल्याही वायरला हात लावायचा नाही, ती बंद आहे असं कोणी सांगितलं तरी नाही. दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे ऑनलाइन फॉर्म निघतात, त्याच्या आधी चार-पाच महिने रविवार मिळाले तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालेलं असेल. दुसऱ्या कुठल्या लाइनचा विचार असेल तर तेही सांगा, आयटीआयमध्ये माझ्याबरोबर शिकलेली पोरं आता लिफ्टमध्ये, एसीमध्ये, रेल्वेत कुठे कुठे आहेत, कोणाच्या तरी बाजूला तुम्हाला उभं राहायला जागा नक्की मिळवून देतो.